उजवीकडचा खटका

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर एक नवरा-बायको बसले होते. त्याचा एक गाल सुजलेला आणि नखांत ग्रीस.

"त्या दुसऱ्या कंपनीवाल्यांना आज संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचंय."

"मग दे की! पसंत पडलास ना त्यांना?"

"न पडून सांगतो कुणाला! इंजिनाचा आवाज ऐकूनच बिघाड सांगितला मी."

"मग घोडं कुठं अडलंय?"

"बॉनेट उघडताना हात सवयीने स्टिअरिंगच्या उजवीकडे गेला. त्यांच्या गाडीत बॉनेटचा खटका डावीकडे असतो. सगळे फिदीफिदी हसले."

"एवढंच?"

"एवढंच कसं? आपल्या वर्कशॉपमध्ये मी डोळे मिटून काम करतो. तिथे बॉनेटपासून सुरुवात करायची, या वयात?"

"लग्न होऊन आले तेव्हा मी मिठासाठी रोज खालच्या फळीवर हात घालायचे. तुमच्याकडे मीठ वरच्या फळीवर. तुझी बहीण कशी हसायची, आठवतंय?"

"मीपण हसायचो."

"ते मी विसरले नाहीये. आणि आता?"

"आता काय?"

"आता आई स्वतःच्या स्वयंपाकघरात उभ्या राहून मला हाक मारतात, अगं, मीठ कुठंय?"

"...तेही खरंच."

"मग लाव फोन."

"दात काढून झाला की लावतो."

"नंतर तुला धड 'हो' तरी म्हणता येणारे का? आत्ताच लाव."

"बरं बाई, लावतो... हॅलो, फोरमनसाहेब? मी बोलतोय. तो हो, उजवीकडे खटका शोधणारा. येतोय मी."