न्हाणीघरात कोंडलेल्या बाईबाबत

जबाब देणाऱ्याचे नाव: सगळे कुलूपवाले काका म्हणतात. वय ७८. धंदा: पूर्वी कुलुपे दुरुस्त करणे व चाव्या करणे, आता घरीच. शिक्षण चौथीपर्यंत. राहणार: बेकरीमागची गल्ली, तळमजला, एक खोली व स्वयंपाकघर.

मी स्वतः ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगतो तो जबाब असा:

वरील ठिकाणी मी व माझी पत्नी असे दोघेच राहतो. पत्नीचे गुडघे गेलेले आहेत. ती भिंतीला धरून चालते. स्वयंपाक मी करतो. तो कसा होतो हे तिला विचारू नये. मुलगा व सून दुसऱ्या गावी असतात. मुलगा बऱ्याच दिवसांपासून फोनवर म्हणतो, "बाबा, तुम्ही दोघं आता वृद्धनिवासात राहायला जा." त्या निवासात बायकांचा मजला वेगळा असतो, हे मी चौकशी करून शोधून काढले आहे. म्हणून मी नको म्हणालो. त्यावर तो "बघू" म्हणाला. त्याचे बघू मला तो शाळेत होता तेव्हापासून माहीत आहे.

आज सकाळी चहा झाल्यावर एक बाई दारात आली. वय चाळिशीच्या आसपास, पायात बूट, गळ्यात फोटोचे ओळखपत्र, खांद्याला पिशवी. "मदत केंद्रातून आले, म्हाताऱ्या माणसांना आपल्या घरीच राहता यावं म्हणून आम्ही मदत देतो," असे तिने सांगितले. मी कोणाला बोलावले नव्हते. तसले ओळखपत्र कुठेही करून मिळते, हे साहेबांनाही माहीत असेल. मी तिला बाहेरूनच वाटेला लावणार होतो, पण पत्नीने आतून "या, या" म्हटले. माझी पत्नी अनोळखी माणसाला या म्हणत नाही. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

आत आल्यावर त्या बाईने पिशवीतून टेप काढली. प्रथम पलंगाची उंची मोजली, मग उंबरा, मग न्हाणीघराच्या दाराची रुंदी. मी विचारले, "घर विकायला काढलंय का कुणी?" ती म्हणाली, "नाही हो काका, चाकाची खुर्ची आत जाते का ते बघते." आमच्या घरात चाकाची खुर्ची नाही. मी तसे सांगितले. ती म्हणाली, "येईल की."

नंतर तिने पत्नीला विचारले, मागच्या वर्षभरात कधी पडलात का. मी सांगितले, कधीच नाही. पत्नी म्हणाली, "अहो, मला विचारलंय त्यांनी." आणि तिने उत्तर दिले.

तोच प्रश्न साहेबांनी मला विचारल्यावरून सांगतो की, ती पडली नव्हती, खाली बसली होती. पुन्हा विचारल्यावरून सांगतो की, न्हाणीघरात बसली होती, जेवणाच्या आधीपासून ते शेजारचा बसड्रायव्हर कामावरून येईपर्यंत. मला तिला उचलता आले नाही. हाका मारल्या असत्या तर गल्लीला कळले असते, आणि गल्लीला कळले की मुलाला कळते. मीही तिच्याशेजारी फरशीवर बसलो होतो. दुसऱ्या वेळेबद्दल मला काही सांगायचे नाही.

त्यानंतर त्या बाईने न्हाणीघराची कडी हलवून बघितली व म्हणाली, "काका, ही काढून बाहेरूनही उघडता येईल अशी कडी बसवायला हवी." माझे सगळे आयुष्य कुलुपांत गेले आहे. आतली कडी बाहेरून उघडता यावी असे मागायला दुकानात येणारा माणूस माझ्या अनुभवात सरळ नसे. अशांना मी हाकलून देत असे. माझी खात्री पटली की ही मुलाने पाठवलेली आहे किंवा चोर आहे, किंवा दोन्ही. ती टेप घेऊन न्हाणीघरात शिरल्यावर मी दार ओढून बाहेरून कोयंडा घातला, पितळी कुलूप लावले व किल्ली घेऊन येथे आलो.

कोंडल्यावर ती काय बोलली, असे विचारल्यावरून सांगतो की, ती ओरडली नाही. "काका, काकूंना एकटं सोडून जाऊ नका," एवढे म्हणाली. पत्नीही बोलली. ते येथे लिहू नये.

हवालदार व महिला शिपाई माझ्यासोबत घरी आले. पत्नी पलंगावर नव्हती. न्हाणीघराच्या दाराला खांदा टेकून स्टुलावर बसली होती व आतल्या बाईशी बोलत होती. तिथवर ती कशी गेली हे तिने मला सांगितले नाही. विषय सुनांचा चालला होता. मी कुलूप काढले.

साहेबांनी ठाण्यातून केंद्रात फोन करून चौकशी केली व घरी हवालदारांना कळवले. ती बाई केंद्राचीच निघाली. रोज सकाळी एक मदतनीस, धरायला भिंतीत दांडे व खुर्ची मिळण्याआधी घर बघावे लागते, त्यासाठी ती आली होती. कडी बाहेरून उघडायची, ती आत कोणी पडले तर बाहेर काढता यावे म्हणून. केंद्राला फोन मुलाने केलेला नव्हता. पत्नीने केला होता, ड्रायव्हरच्या बायकोकडून फोन मागून. मी तिला विचारले, "मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही पुढच्या दारालाच कुलूप घातलं असतं." हवालदार हसले. त्यात हसण्यासारखे काही नव्हते.

केंद्राच्या मोठ्या बाई फोनवर मला म्हणाल्या, "आमच्या माणसाला कोंडतात त्या घरी आम्ही माणूस पाठवत नाही. ठाण्याकडून काय लिहून येतं ते बघून ठरवू." त्यांनी नाही म्हटले तर मुलगा आम्हाला नेईल, आणि दोन मजल्यांवर ठेवील. म्हणून हा जबाब देत आहे.

माझी त्या बाईविरुद्ध तक्रार नाही. तिनेही माझ्याविरुद्ध तक्रार द्यायची नाही असे सांगितले आहे. का नाही, हे मला अजून समजलेले नाही, आणि ते समजेपर्यंत माझे तिच्यावर लक्ष राहील. पण तिने यावे. पत्नीला उठवणे व आंघोळ घालणे मला एकट्याला होत नाही. ती दोनदा पडली आहे. हे केंद्राला कळवताना गाळू नये. मुलाने विचारले तर गाळावे.

सध्या पत्नीजवळ कोण आहे, असे विचारल्यावरून सांगतो की, तीच बाई आहे. तिची पुढच्या घरी जायची वेळ टळून गेली आहे, तरी मी येईपर्यंत थांबते म्हणाली. जबाब द्यायला मी पुन्हा इकडे निघालो तेव्हा ती पत्नीचे केस विंचरत होती. पत्नीने डोळे मिटले होते.

हवालदारांनी लिहिलेले मला मोठ्याने वाचून दाखवले. मी सांगितले तसेच आहे. खाली सही करतो. आता मला घरी जाऊ द्यावे.