होमरन लिओकादियोच्या नावावर

आदरणीय अध्यक्ष, आपल्या बानी गावचे नगराध्यक्ष आबेलार्दोसाहेब. व्यासपीठावरचे फादर बेनिग्नो. आजचे सत्कारमूर्ती, माझे मावसभाऊ रुफिनोदादा. आणि इतक्या उकाड्यात खुर्ची न सोडणाऱ्या गावकऱ्यांनो,

बेसबॉलच्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारणाऱ्या माणसाच्या हाती आपण माईक दिलात, हा आपला मोठेपणा. सत्कार समितीचे सचिव मघाशी कानात म्हणाले, "घरचा माणूस म्हणून दोन गोड शब्द बोल." प्रयत्न करतो. सवय राहिलेली नाही.

फादर आत्ताच म्हणाले, माणूस त्याच्या सर्वोत्तम क्षणावरून तोलावा, कागदपत्रांच्या भानगडीवरून नव्हे. मान्य. अंतिम सामना, शेवटचा डाव, दोघे बाद आणि दादांचा तो होमरन. असा फटका या बेटावरच्या दुसऱ्या कोणी मारलेला नाही, हे मी त्यांचा वैरी असूनही सांगतो. रेडिओवाला बेंबीच्या देठापासून ओरडत होता, "लिओकादियो बिदो, लिओकादियो बिदो!" शेजारणी धावत आल्या आणि आईच्या गळ्यात पडल्या. मी तिथेच कच्ची केळी सोलत बसलो होतो. आई मला म्हणाली, "अरे, टाळ्या तरी वाजव."

लिओकादियो बिदो मी आहे. जुन्या लोकांना ठाऊक आहे, नव्यांसाठी सांगतो.

दादा तेव्हा एकोणीसचे होते आणि अमेरिकेच्या क्लबला सोळाची पोरं हवी होती. मी सोळाचा. आईने माझा जन्मदाखला मावशीच्या हातात ठेवला. म्हणाली, "हा जाऊ दे आता, माझा अजून वाढतोय." वर्षाने माझ्यासाठीही क्लबचा माणूस आला. तीन दिवस माझी फेक पाहिली, खूश झाला, नाव विचारलं आणि हसला. "हे नाव आम्ही आधीच घेतलंय," म्हणाला. ओळखपत्र काढायला गेलो तर कारकून म्हणे, "लिओकादियो बिदो अमेरिकेत खेळतोय. मग माझ्यासमोर कोण उभंय?" तुम्हीच सांगा, मी काय उत्तर द्यायचं होतं?

पुढे भानगड उघडी पडली. दादांना एक वर्ष घरी बसवलं, तर सगळं गाव हळहळलं. माझ्यासाठी कोणी चुकचुकलंही नाही. मी दादांना एकदाच विचारलं, "माझी आठवण यायची का हो?" तर म्हणाले, "लिओ, तुझं नाव तर चमकवलं ना?" उपकारच झाले म्हणायचे.

आता या फलकाविषयी. समितीने ठरवलं की फटका ज्या नावाने मारला तेच कोरायचं. सचिव भीत भीत घरी आले, "तुमची हरकत नाही ना?" मी म्हटलं, छे. उलट पाथरवटाकडे मी स्वतः गेलो. माझी जन्मतारीख दिली, माझ्या आईचं नाव दिलं, बापाचंही दिलं. सगळं नीट कोरलंय, पडदा सरला की वाचा. दादांनी इतकी वर्षं खेळताना माझं नाव वापरलं. आता त्यांचा सर्वोत्तम क्षण मी वापरणार आहे. यात अन्याय वाटत असेल, तर तो कसा वाटतो हे त्यांनाच विचारा.

सत्कार कायद्याने माझा ठरल्यामुळे आभारही मीच मानतो. समितीचे, फादरांचे, आपणा सर्वांचे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला; एवढी वर्षं मीही पुष्कळ घातलं आहे.

या दादा, माईक घ्या. लोकांशी बोलण्याआधी त्यांना नाव सांगा. तुमचं.