ते आमच्या शिफ्टचं नाही

...नाही, पण मी म्हणतो, बादली उचलायला अख्ख्या चिंचवडात एकटा मीच सापडतो का हो यांना? माझं आपलं दूधकेंद्र. सकाळी बाटल्या वाटल्या की मोकळा, आणि मोकळा माणूस खिडकीत दिसला की शेजाऱ्यांना कामं सुचतात. बरं, खिडकीत मी काही उगाच नव्हतो उभा! समोरच्या मधुसूदनरावांनी गाडीचं बॉनेट उघडलेलं आणि दोन माणसं कमरेपर्यंत आत. आता असं दिसल्यावर माणूस काय भिंतीकडे बघत बसेल? गेलो खाली. "काय झालं?" एवढंच विचारलं. संपलं! हातात बादली आली.

तर मधुसूदनराव म्हणजे टूलरूममधला सज्जन माणूस, खोड एकच, ही जुनी गाडी. रेडिएटर गळका. मागे मेहुण्याच्या लग्नाला चाकणला निघाले, भोसरी ओलांडली नाही तोच गाडीनं वाफ सोडली, आणि नवराबायको भरजरी कपड्यांत येस्टीनं पोचले. सासरे हरिहरपंत, निवृत्त मास्तर, भर मांडवात म्हणतात कसे, "काय जावईबापू, गाडी घेतलीत ना? मग खिशातनं डोकावतंय ते तिकीट कुणाचं?" झालं! तेव्हापासून अरुंधतीवहिनी त्या गाडीकडे सवतीकडे बघावं तशा बघतात. आणि उद्या त्याच हरिहरपंतांची साठीशांत! वहिनींनी गॅलरीतून, पलीकडच्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात सांगून टाकलेलं, "आज ही गाडी माझ्या बाबांच्या दारात उभी राहिली नाही, तर जन्मात पुन्हा हिच्यात पाय ठेवणार नाही!"

म्हणून हा नवा रेडिएटर. गुरुवार, मधुसूदनरावांच्या कंपनीला सुट्टी. पण आपल्या कॉलनीत कुठलं काम एका माणसानं केलंय कधी? सगळे कंपनीवाले, सगळं शिफ्टनं! जुना रेडिएटर सोडणार गेनबा, दुसऱ्या कंपनीतला, त्याला दुपारपाळी. नवा जोडणार नंदकिशोर, तो सकाळपाळीहून सुटून येणार. आणि मी? मी जनरल शिफ्ट. बादली.

मी आपलं विचारलं, या रबरी नळ्या कशाला? मधुसूदनराव म्हणाले, "काका, तुमचा बंब आठवा. इंजिन म्हणजे पेटलेला बंब. आतलं कढत पाणी वरच्या नळीनं रेडिएटरमध्ये येतं, तिथं वाऱ्यानं निवतं, आणि खालच्या नळीनं पंप ते परत आत ओढतो. फिरत राहिलं पाहिजे, बास!" बघा, किती सोपं! एवढ्यात वरून हाक, "अहो, आंघोळ करणार आहात की असेच काळेबेंद्रे येणार?" मधुसूदनराव गेले, ते निघायच्या वेळीच खाली आले.

गेनबानं दोन्ही नळ्या रेडिएटरकडून सोडल्या, रेडिएटर बाहेर काढला, आणि खिशातनं ते वेस्ट काढलं, ते हो, हात पुसायला कंपनीत सुताचा गुंता देतात ना, ते. त्याचे बोळे केले आणि खुपसले नळ्यांच्या तोंडात. मी म्हटलं, हे काय रे? "काका, नळीचं त्वांड उघडं ठिवायचं न्हाई. कचरा ग्येला का इंजिनाची वाट लागली. आमच्या खात्यात ह्यो नियमच हाय!" बरं बाबा, नियम म्हटल्यावर आपण काय बोलणार? तेवढ्यात भोंगा झाला. भोंगा झाल्यावर गेनबा घास तोंडात असला तरी चावायला थांबत नाही हो! पाना खाली, टांग सायकलवर, गेलासुद्धा.

मग आला नंदकिशोर. हा इन्स्पेक्शनला. म्हणजे दुसऱ्याच्या कामात चुका काढायचा पगार घेणारा. आल्या आल्या वरच्या नळीतला बोळा चिमटीत धरला, "हे काय? ही काय पद्धत झाली?" दिला फेकून. मग नवा रेडिएटर बसवला, नळ्या चढवल्या, वरची बघून, खालची नुसत्या हाताच्या अंदाजानं, कारण तिथं डोकं जात नाही आणि पँट इस्त्रीची. क्लिपा आवळल्या आणि म्हणाला, "ओके. काका, पाणी!" मी ओततोय... अर्ध्या बादलीत काठोकाठ! मी म्हटलं, नंदकिशोर, एरवी ही गाडी अख्खी बादली पिते रे. "काका, गळका माल आणि नवा माल यात फरक असतो." बरं बाबा, असतो!

निघालो. मी कशाला? म्हणे, "काका, वाटेत पाणी लागलंच तर?" नंदकिशोर पुढे, ट्रायल घ्यायला. मी मागे, वहिनींच्या शेजारी, मांडीवर बेसनलाडवांचा डबा, पायात बादली. भोसरी गेली! वहिनी पहिल्यांदा हसल्या. आणि मोशीचा इंद्रायणीचा पूल आला न आला तोच... फुस्स्स! समोर नुसता ढग! तुम्हाला सांगतो, बाहेर पांढरी वाफ आणि आत वहिनींचा चेहरा, कशाकडे बघू नये तेच कळेना.

आणि नेमकी मागून चाकणची येस्टी आली. कंडक्टरनं डोकं बाहेर काढलं, "ओ वहिनी, येताय का? जागा हाय!" वहिनी उतरल्या. पिशवी उचलली. मधुसूदनराव नुसते बायकोच्या पिशवीकडे बघताहेत. वहिनी दोन पावलं गेल्या, थांबल्या, वळल्या, आणि कंडक्टरला म्हणाल्या, "जा तुम्ही. आमची गाडी आहे."

वाफ ओसरेपर्यंत थांबलो. मग वहिनींनी काय करावं? पदर खोचला, एक बोट वरच्या नळीला लावलं, चटकन मागे घेतलं. मग वाकून खालच्या नळीला. "अहो, वरची पोळतेय आणि खालची गारढोण! तुमचं ते फिरणारं पाणी फिरतंय कुठं?"

मधुसूदनरावांनी खालची नळी सोडली, आत बोट घातलं, आणि... निघाला बोळा! भिजून असा टम्म फुगलेला की बाहेर येताना पक्कन आवाज झाला. सगळ्यांनी नंदकिशोरकडे बघितलं. नंदकिशोर शांतपणे म्हणाला, "ते आमच्या शिफ्टचं नाही."

म्हणजे काय? तर म्हणे, "माल असाच आला माझ्याकडे. बोळा घालणाऱ्यानं सांगायला नको?" अरे पण वरचा काढलास, तर खाली बघावंसं नाही वाटलं? "खालच्याचं हँडओव्हर नव्हतं." पुढे गेनबाला विचारलं, तर तो काय म्हणाला असेल? "आमच्या शिफ्टला गाडी चाललीच न्हाई, तर बंद कशी पडंल?" घ्या! दोघंही बरोबर, आणि पुलाखाली उतरून पाणी कुणी आणायचं? इंद्रायणी काय वर येते होय? चढउतार करून गुडघे बोलायला लागले माझे, आणि वर नंदकिशोर सूचना देतोय, "काका, एकदम ओतू नका, इंजिन गरम आहे, निवू द्या, सावकाश..." सावकाशच येत होतो रे बाबा!

गाडी सुरू झाली, आणि खरं सांगतो, चाकणपर्यंत पाखरासारखी गेली. हरिहरपंतांच्या दारात उभी राहिली. वहिनींनी स्वतः हॉर्न वाजवला. एकदा. दोनदा. शेवटी शेजारच्या केसरबाई बाहेर आल्या, "मास्तर व्हय? न्हाईत घरी. लेक-जावई यष्टीनं येणार म्हून दुपारपास्नं स्टँडवर जाऊन बसल्यात."

वहिनींचा चेहरा असा उतरला... एवढं करून बघायलाच कोणी नाही! पण मधुसूदनरावांनी गाडी वळवली ती थेट स्टँडवर. बाकावर हरिहरपंत, डोक्याला उपरणं, दोन मित्र शेजारी, प्रत्येक येस्टीकडे माना वर करून बघताहेत. वहिनी खिडकीतून म्हणाल्या, "बाबा, चला, न्यायला आलोय."

म्हातारा उठला. गाडीभोवती एक फेरी मारली. बॉनेटवर हात ठेवला, पोळला, पण काढला नाही लगेच. आणि काय ओरडला मित्रांना, "अरे उठा, बसा, बसा! जावयाची गाडी आहे, माझ्या लेकीनं आणलीय!" बसले की तिघं! मित्र मागे, वहिनींना खेटून. हरिहरपंत पुढे. मग पुढचा नंदकिशोर? तो मागच्या मित्रांच्या मांडीवर, कारण तो टेक्निकल! लाडवांचा डबासुद्धा बसला. राहिलं कोण?

"काका, तुम्ही या मागनं सावकाश."

मागनं कशाला येतो? गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिलेला. समोर पुण्याची येस्टी लागलेली, चढलो. बादलीसकट. कंडक्टर तोच, मोशीच्या पुलावरचा! माझे काळे हात, ओलं धोतर, ती बादली, सगळं नीट न्याहाळून म्हणतो, "काय काका, तुमची गाडी होती ना? काय झालं तिचं?"

तिकीट घेतलं आणि म्हटलं, "ते आमच्या शिफ्टचं नाही."