गेटच्या आत रिक्षा

सोसायटीच्या निवडणुकीत जाहीरनामे नसतात असं तुम्हाला वाटत असेल, तर एकदा आमच्याकडे मीरा रोडला या. आमचे सेक्रेटरी पाटकर यंदा पुन्हा उभे आहेत आणि त्यांनी चक्क 'वाहतूक धोरण' आणलंय. आजारी माणसाची रिक्षा यापुढे गेटच्या आत सोडणार.

परवा ते घरी आले. "सर, सभेत तुम्ही दोन शब्द बोला. वहिनींनी काय सोसलं, ते लोकांना कळू दे. तुमचं ऐकतील."

रिक्षा गेटवर अडवायचा नियम पाटकरांचाच. नव्या पेव्हर ब्लॉकवर तेल गळतं म्हणून. आम्ही डायलिसिसहून परतलो की वॉचमन हात आडवा करायचा, "साब, अंदर अलाउड नहीं है." मग सुमन माझा खांदा धरून सी विंगपर्यंत चालायची, मध्येच कुणाच्या तरी स्कूटरवर टेकायची. तेव्हा मी पाटकरांना फोन केला होता. म्हणाले, "एकाला सोडलं की सगळेच मागतात हो."

मी त्यांना म्हटलं, "पाटकर, नियम तुमचाच होता."

"होता ना! पण आम्ही काय दगड आहोत का, सर? वहिनींच्या वेळी मी स्वतः गेट उघडून गाडी आत घेतली. पार लिफ्टपाशी लावून दिली. विसरलात?"

विसरलो नव्हतो. मी बोलायला होकार दिला.

सभेत फार काही सांगणार नाही. ती गाडी शववाहिनी होती, एवढंच सांगेन.