ओ गट म्हणजे सढळ हाताचा

—बसा ना, ती खुर्ची रिकामीच आहे. तुमची ती मुलगी ना, कोपऱ्यातल्या निळ्या दिव्याखालची? माझा तिच्या शेजारचा, डोळ्यांवर पट्टी बांधून ऊन खात पडल्यासारखा — हो, आत्ता निळा दिसतो, पण दिवा काढला की पिवळा. म्हणजे होता. सकाळीच डॉक्टर म्हणाले, कावीळ उतरतेय, रक्त बदलावं लागणार नाही. तेव्हापासून मी ही अशी हसतेय, वेडी समजू नका. आता नर्स त्याला आणून देणार आहे, अंगावर पाजायला, पहिल्यांदाच. पाजीन की. का नाही पाजणार?

माझा गट ओ, त्याचा ए, बापावर गेलाय. आणि मी कोण, तर शाळेत जीवशास्त्र शिकवणारी — दरवर्षी पोरांना सांगते, ओ गट म्हणजे सढळ हाताचा, कुणालाही द्या, तक्रार नाही. नऊ महिने मिरवत होते, मी काही आरएच निगेटिव्ह नाही, मला ते इंजेक्शन नको, आमचं मायलेकरांचं छान जमणार. आणि माझ्याच रक्तानं पोटातल्या पोटात त्याच्या रक्तपेशी फोडायला घेतल्या. सढळ हात म्हणे.

सासूबाईंना तर आयतंच सापडलं. त्या स्टाइनबाख गावच्या मेनोनाइट, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या आपसातच लग्नं लावणारा जुना ख्रिस्ती पंथ. नवं माणूस भेटलं की आजोबा कोण विचारायचं आणि कॉफी थंड व्हायच्या आत नातं काढायचं. मी आइसलँडहून येऊन इथल्या सरोवराकाठी वसलेल्यांतली, माझं काही केल्या नातं निघेना. दिव्याखालच्या नातवाकडे बघून म्हणाल्या, "आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या रक्त भांडलं नाही, सोलवेग." मी म्हटलं, "भांडेल कसं, सासूबाई, सगळे एकमेकांचे चुलतभाऊच." कोर्नेलियस, माझा नवरा, हसू दाबत बाहेर पळाला. दुसऱ्या दिवशी त्या जोडपावांची, एकावर एक बसवून भाजलेल्या त्यांच्याकडच्या पावांची, टोपली घेऊन हजर — पोराला घरी ने म्हणे, स्वयंपाकघराच्या खिडकीत उन्हाला ठेव, कणीक फुगायला ठेवतो तसा. बाहेर उणे तीस. मी हसले, पण खरं सांगू, क्षणभर वाटलं, ठेवावं. खिडकी निदान त्याला काही करणार नाही.

दूध? काढते ना, यंत्रानं. देते — म्हणजे, त्याला पावडरचं देतात. मी नर्सला सांगितलंय, मला येत नाही. येतं. भरपूर येतं. बेसिनमध्ये ओतते, नळ सोडून. दुधातून काही होत नाही, ते मला ठाऊक आहे हो, मी परीक्षेत घालते हा प्रश्न! पण एकदा माझ्यातलं त्याच्यात गेलं तेव्हा काय झालं, ते बघितलंय ना मी.

काल सासूबाईंनी पकडलं. मला वाटलं, आता अख्ख्या स्टाइनबाखला कळणार. त्यांनी नळ बंद केला, बाटली माझ्या हातातून घेतली आणि भिंतीकडे बघत म्हणाल्या, "कोर्नेलियस झाला तेव्हा आठवडाभर मी त्याला उचललं नव्हतं. हातून पडेल वाटायचं. कुणाला बोलू नकोस." — आणि मी तुम्हाला सांगून मोकळी.

अगंबाई, आणलाच. द्या, द्या इकडे, धरते मी — पट्टी काढलीत? डोळे राखाडी आहेत की याचे. नाही, तुम्ही बघू नका, तिकडे तोंड करा. माझ्याशी बोलूसुद्धा नका — मीच बोलतेय होय? बरं. हं. घे रे. घे—