सोफ्याची चीर

हो, मागच्या रविवारी फोटो काढायला आलात तेव्हा उलटाच होता हा पुतळा — मी कामावर होते, पोरगी घरी होती. आता सरळच राहू द्या बाई, हात लावू नका. सांत आंतोनियो आहे, हरवलेलं शोधून देणारा आमचा संत. हरवलेलं माणूस परत हवं असेल तर त्याला डोक्यावर उभा करायचा, माणूस आलं की मग सरळ. यारेत्सी रोज शाळेत जाताना उलटा करते, तिची पाठ वळली की मी सरळ करते. चौदा वर्षांची घोडी झाली, पण बापाचं वेड जात नाही. टेक्सासहून निघालो तेव्हा पाचची होती — बाबा मागून येतोय असं सांगितलं होतं मी, तेच धरून बसलीय. कुठला येतोय. पळून आले मी नवऱ्यापासून, फिदेन्सियोपासून, भावाच्या पिकअपमध्ये या सोफ्यासकट सामान कोंबून, इथं याकिमाला, सफरचंदं निवडायला.

चीर कशाची म्हणता? त्याच्या सुरीची. मी वाकले, म्हणून मानेवरचं सोफ्यावर निभावलं. आणि हा पाटा माझ्या आईचा — याच वरवंट्यानं त्याचा उजवा हात ठेचला मी, मका भरडावा तसा, एकदा नाही, चारदा, हाडं वाजेनाशी होईपर्यंत. गुरासारखा ओरडत होता. खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं मला. मग वरवंटा लिंबू लावून धुतला. आज त्यानंच मिरच्या वाटल्यात, जेवूनच जा.

पाताळातून हुडकून काढीन म्हणाला होता — आणि डावा हात आहे की अजून धड. म्हणून तर दार नको म्हटलं, गल्ली नको म्हटलं, आतलं हवं तेवढं काढा. आतून कुणाचं घर कुणाला ओळखू येतंय?

येतंय की. चीर त्यानंच पाडलीय.

कुठं लावणार हे फोटो? वाचनालयात, बरं — आणि फोनवरही? गावाचं नाव घालून? रविवारचे लागलेसुद्धा? नाही, थांबा, तुम्हाला आमचं घर दाखवलं कुणी? यारेत्सीनं पत्र लिहिलं? सोफ्याची चीर नीट दिसू द्या, पाटा घ्या — हे तिनं सांगितलं?

उठा बाई. जेवणाचं राहू द्या. तो वरवंटा तेवढा इकडे द्या, आणि जा.