वडाळ्याच्या हॉलमधला चौकोन

हॅलो?… हॅलो, श्रेया? बोल… हो, वडाळ्यालाच आहे, भाड्याच्या फ्लॅटवर. जरा जोरात बोल गं, हॉल रिकामा आहे, माझाच आवाज मला परत ऐकू येतोय… खिडकीखाली बसलेय, लॅपटॉप मांडीवर. इथेच काय ती नीट रेंज येते.

काय?… अजून नाहीच म्हणतात?… अगं पण उद्या सकाळी टेंपो येतोय! परवा पाणी तोडणार, अख्खी चाळ पाडायला रिकामी झाली, लालबागला आपलीच तेवढी खोली उरलीय, आणि बाबा म्हणतात येत नाही? हितू कुठेय?… ऑफिसला पळाला? वा! आंधळ्या बापाला नव्या बायकोच्या गळ्यात टाकून माझा भाऊ ऑफिसला. येऊ दे, बघतेच त्याला.

बरं, ते राहू दे. सकाळपर्यंत तयार होते ना? मग बिनसलं कशावरून?… प्लॅन दाखवलास? म्हणजे हाताला?… पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून, मी सांगितलं तसा? शहाणी गं बाई माझी… मग?… बोट फिरवलं… खाट सापडली, कपाट सापडलं, मोरी सापडली… आणि मधे येऊन थांबले. काय म्हणाले?… 'ह्यां खोटां असा'?

खोटं काय आलंय त्यात! मापात काहीतरी चुकलं असेल… नाही गं, तुझ्यावर चिडत नाहीये. पहिल्यांदा प्लॅनचं सॉफ्टवेअर हातात घेतलं की सगळ्यांचं चुकतं. परवा तुझी खाट बारा मीटरची आली होती, विसरलीस? खाट होती की फलाट?… हां, हस. हसलीस तर बरं वाटेल.

आता ऐक. आपण हे कशासाठी करतोय? काचबिंदूने बाबांची नजर गेली, पण त्या खोलीत ते कशालाही धडकत नाहीत. तीच खोली उचलून या हॉलमध्ये ठेवायची. खाटेपासून मोरी तेवढीच लांब, कपाट त्याच हाताला. म्हणजे इथेही कुणाचा हात न धरता फिरतील. नाहीतर बसतील एका कोपऱ्यात, आणि बाबा एकदा बसले ना श्रेया, की मग ते उठणार नाहीत. मला त्याचीच धास्ती आहे… हो ना? मग चल, उघड फाइल.

थांब थांब, बेल वाजली… एक मिनिट… हां, आले. गॅसवाला होता. म्हटलं उद्या ये बाबा, शेगडीच नाहीये अजून… अगं आरपार पळत गेले नि आले, हॉलमध्ये अडवायला आहे काय! कागदाचा कपटा नाही.

उघडली?… आधी युनिट बघ. फूट-इंच आहे ना?… बरं. भिंतींना कुलूप लावलंस? ते कुलपाचं चित्र… हां, ते दाब. नाहीतर खाट सरकवायला जातेस आणि भिंतच सरकते, कळतही नाही. आणि सेव्ह करत जा गं मधूनमधून, लाइट गेली की रडत बसशील… जाडी किती धरलीस भिंतीची?… दीड फूट, बरोबर. जुनी चाळ आहे, तिथे आजकालची पातळ भिंत धरून चालत नाही. खाट लायब्ररीतली उचललीस की स्वतः माप टाकलंस?… माप टाकलंस. छान. त्यांच्या खाटा सगळ्या बंगल्यातल्या असतात.

आता बाबांची वाट काढ. खडूने खुणा केल्या होत्यास ना लाद्यांवर, जिथे जिथे पाय ठेवतात तिथे?… काढलीस? पाठव मला… आली. उघडतेय… श्रेया, ही रेघ अशी वाकडी का गं?… अगं खाटेपासून मोरी समोरासमोर आहे! माणूस नाकासमोर जाईल. ही मधेच वळसा घेतेय… रोज असेच जातात? मधे काय आहे तिथे? स्टूल? पिंप?… काहीच नाही?

बरं, दुसरं बघू. मी तुला दोनदा माप घ्यायला सांगितलं होतं, एकदा पोटाच्या उंचीला, एकदा लादीलगत. जुन्या भिंती वर एक नि खाली एक असतात… घेतलंस? माझ्या ऑफिसच्या लेझरने?… वरचं किती?… बरोबर, लहानपणापासून तेवढीच खोली आहे आपली. खालचं?… काय? एवढं कमी?

परत घे. कपाटाला लागला असेल किरण… मधे कपाट नाहीच?… मग तो लाल ठिपका कुठे पडलाय ते बघ… समोरच्या भिंतीवर नाही… लादीवर?… लादीवरही नाही. अगं कुठेतरी पडला असेल ना! किरण आहे तो, हवेत थोडाच थांबतो… श्रेया, रडू नकोस. सेल उतरला असेल. टेप काढ, साधी टेप. टाक जमिनीवर आरपार… का नाही?… का नाही टाकवत?

काय म्हणालीस?… 'ओलांडल्यासारखं वाटतं'?

…नाही, आहे मी. आहे. ऐकतेय… तूसुद्धा?… पहिल्या दिवसापासून तिथून वळसा घालून जातेस? कुणी सांगितलं तुला?… कुणीच नाही. बाबा जातात म्हणून तूही… बरं. आणि शेजारच्या मावशी डबा द्यायला यायच्या, त्या?… त्याही?

थांब. मला एक सांग, तो ठिपका जिथे अडतो ती जागा केवढी आहे? लेझर बाजूबाजूला सरकवत ने, लादीलगतच. कुठून अडतो नि कुठे मोकळा होतो ते सांग… घाई नको… हं… हं… खाटेच्या पायापासून ओट्यापर्यंत. आणि रुंदीला?… एक माणूस झोपेल एवढी.

अगं… तुला कसं सांगू आता. तू आईला बघितलंच नाहीस. ती गेली आणि वर्षाच्या आत तुमचं लग्न उरकलं… ती आजारी पडल्यावर तिला खाटेवर चढवेना. मग मधोमध गादी घातली होती खाली. खाटेच्या पायापासून ओट्यापर्यंत. तिथेच असायची दिवसभर. आणि येताजाता आमच्यावर ओरडायची, 'मेल्यांनो, माका ओलांडू नकात!' झोपलेल्या माणसाला ओलांडायचं नाही, फार मानायची ती. चुकून कुणी ओलांडलंच तर परत उलटं ओलांडायला लावायची. बाबांना तेव्हाच दिसत नव्हतं. हाताने कपाट चाचपत कडेकडेने जायचे… हो, गादी तेराव्यानंतर देऊन टाकली. मी स्वतः दिली.

मला भीती वाटतेय का? वाटतेय. तुला एकटीला तिथे ठेवलंय म्हणून जास्त वाटतेय. पण श्रेया, आई आहे गं ती. ओरडेल फार तर.

…बाबा काय म्हणतायत मागून?… 'तिका खंय ठेवल्यात?'… आईला कुठे ठेवलं, असं विचारतायत? म्हणजे म्हणून म्हणाले प्लॅन खोटा… बरं. बरं, रडू नको, मीपण नाही रडत. चौकोन काढ. हां, साधा चौकोन, फर्निचरमधून नको, रेघांनीच काढ. लेझरने आलं तेच माप दे. नाव टाक त्याला. 'आई' लिही… लिहिलंस? आता सगळं सिलेक्ट कर, कॉपी, आणि वडाळ्याच्या प्लॅनवर पेस्ट. मला दिसतंय इथे… फिरवायला लागेल, इथली खिडकी पूर्वेला आहे. मी फिरवते… बसलं. बघ, चपखल बसलं. खाट त्या भिंतीला, मोरीच्या जागी बाथरूमचं दार, आणि मधे आई.

सुतळी उरलीय ना? पुठ्ठ्यावर तसाच चौकोन चिकटव आणि दे त्यांच्या हातात… मी थांबते. चिकटव सावकाश.

…हं?… बोट फिरवतायत?… सापडली? काय म्हणतायत?… डोकं कुठल्या बाजूला?… अगं कुठल्याही… थांब. थांब थांब. मी प्लॅन फिरवला ना आत्ता! उत्तरेचा बाण बघायचा राहिलाच. रोज गिऱ्हाइकांना सांगते, फिरवलंत की आधी बाण बघा, आणि घरच्याच कामात… हो. पाय दक्षिणेला गेलेत तिचे.

'तसा मेलेल्याक निजवतत' म्हणाले?

अगं पण ती तर… नाही. काही नाही. काही बोलू नको त्यांना. बरोबर आहे त्यांचं. मी नीट करते. आडवी करू. डोकं पूर्वेला, खिडकीकडे, पाय दाराकडे. बाथरूमची वाट जरा लांब पडेल, पडू दे. झालं. बाण बघितला, हो, दोनदा बघितला. सुतळी काढून तशी लाव आणि सांग त्यांना, पूर्वेला डोकं केलंय, उजेड येईल तोंडावर.

…काय झालं?… उठले? काठी न घेता?… कुठे चाललेत?… खाली बसले? त्या जागेपाशी?… काय बोलतायत, ऐक ना नीट… 'ऊठ गो. पोरांनी जागा केल्यानी. चल.'

…श्रेया? बोलत राहा गं. मला इथे एकटीला शांतता नको वाटतेय… आता काय करतायत?… मोरीकडे निघाले… कसे? वळसा घालून?… सरळ? नाकासमोर सरळ?

लेझर लाव. लाव बाई. लादीलगत… किती आलं?… भिंतीवर पडला ठिपका?… पूर्ण माप आलं.

हं… बरं झालं. बाबा येतो म्हणतायत ना उद्या?… कपडे काढायला लागले कपाटातून? देवा! हितूला फोन कर, म्हणावं ये लवकर, बाबा तयार झालेत. तू चहा पी आधी. आलं टाकून. आणि ती फाइल सेव्ह कर, दोन ठिकाणी…

ए थांब, परत बेल. गॅसवालाच असणार, मघाशी पावती विसरला होता इथे… थांब, ठेवू नको फोन… आले हां, आले…

…

…श्रेया.

हो, दिली पावती. गेला तो… नाही, बरी आहे. ऐक ना… मी आत्ता खिडकीपासून दारापर्यंत आले ना… भिंतीच्या कडेने आले गं… अगं रिकामाच आहे हॉल! मघाशी पळत गेले होते आरपार, सांगितलं ना तुला… आता पाय गेलाच नाही मधून. माझ्या लक्षातही आलं नाही, दाराशी पोचल्यावर मागे वळून बघितलं तेव्हा… दिसत काही नाही, पण जी जागा सोडून आले ती आडवी. आपण केली तशीच. डोकं खिडकीकडे.

नाही, लेझर नाही माझ्याकडे, तुझ्याकडेच आहे… नको. नकोच मोजायला.

फोन दे बाबांना… बाबा? अनुजा बोलतेय… हो… हो, पोचली… नाही हो, ओरडली नाही. झोपलीय… बाबा, तुम्ही या लवकर. मी काय करू तोवर?… बसून राहू नुसती? बरं… नाही, नाही ओलांडत. कडेनेच जाते खिडकीशी… अंगावर घालायला? माझी शाल आहे बॅगेत. घालते… कुठवर घालू बाबा? मला दिसत नाहीये ना ती… हॅलो?… बाबा, कुठवर घालू?… दाराशी रेंज नाही वाटतं… हॅलो?… हॅलो?